चाकातला कुत्रा

लिहायला बसलोय खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच, आणि सायकलच्या कामात मला जेमतेम दोन वर्षं झालीत. सकाळी कॉलेज, दुपारनंतर बोर्ली पंचतनला हमीदचाचांच्या सायकल दुकानात काम. एवढ्यावर लोकांना काही सांगायला जाणं म्हणजे आगाऊपणाच. पण एका शुक्रवारी मी दत्तूकाकांच्या सायकलचा हब उघडला, त्याचे भाग वर्तमानपत्रावर मांडले, आणि ते परत बसवता येईनात. तिथून पुढे जे झालं ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल, म्हणून लिहितो.

हब म्हणजे मागच्या चाकाच्या मधला डबा. काकांची सायकल जुनी, विलायती, तीन गियरची. हे गियर त्या डब्याच्या पोटात असतात, बाहेरून काही दिसत नाही. काका त्या सायकलवर पाव विकतात. वरच्या वाडीला जायला मोठी चढण आहे. ती पहिल्या गियरवरच निघते, आणि पहिला गियर सटकत होता.

"उतरून ढकलत जायाचं तर पाव गार व्हतात," काका म्हणाले होते. "गार पाव काय, टेम्पोवाला पन देतो."

चाचांनी मला बजावलं होतं की या सायकलच्या पोटात हात घालायचा नाही, साधं चाक टाकून देऊ. पण साध्या चाकाला एकच गियर. चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले आणि मी पाना उचलला.

आत नखाएवढे लोखंडी तुकडे असतात. पॅडल मारलं की ते दात्यांत अडकून चाक ओढतात, थांबवलं की सुटतात. उतारावर सायकल टिकटिक करते तो त्यांचाच आवाज. कारागीर याला कुत्रा म्हणतात. चावून धरतो म्हणून असेल. पहिल्या गियरच्या दोन कुत्र्यांपैकी एकाचं टोक तुटलं होतं. दुसरा चांगला होता, पण मी त्याला हात लावला आणि त्याची केसाएवढी स्प्रिंग उडून गटारात गेली.

चाचा परत आले.

"ए कॉलेज, हे काय? पोस्टमार्टम?"

मी मान खाली घातली.

"आता हे सुटे भाग आणायचे कुठून? माझ्या वालिदांच्या वेळीसुद्धा मिळत नव्हते."

"ऑनलाइन बघतो, चाचा."

"बघ. तू उघडलंस, तूच बंद कर."

आधी व्हिडिओ पाहिले. सगळे नव्या सायकलींचे. मग फेसबुकवर जुन्या वस्तूंचा एक मोठा ग्रुप सापडला. आनंदाने सायकलचा फोटो टाकला, दुकानाचा पत्ता टाकला आणि विचारलं, हा हब कुणाला दुरुस्त करता येतो का? उत्तरं भराभर आली. सगळ्यांचं एकच, "केवढ्याला देणार?" तो ग्रुप दुरुस्तीचा नव्हताच, खरेदी-विक्रीचा होता. मला ते कळेपर्यंत पुढच्या बुधवारी दिवेआगरचा एक रिसॉर्टवाला पत्ता वाचून थेट दुकानात हजर झाला. त्याला सायकल गेटवर टांगायची होती. कॅरियरवर कुंड्या ठेवणार म्हणाला.

नेमका त्या वेळी काकांचा मुलगा नीलेश दुकानात होता. तो पनवेलला कंपनीत असतो, रजेवर आला होता. वडिलांनी आता घरी बसावं, असं त्याचं कधीचं म्हणणं. त्याने तिथेच होकार दिला.

"रविवारी घेऊन जा. बाबा, सायकल दमली, तुम्ही पण दमलात."

काका बाकड्यावर बसले होते. म्हणाले, "व्हय. तिला गेटाला टांगा नि मना खाटंवर."

मी माझ्या पोस्टने गिऱ्हाईक आणलं होतं, तेही काकांच्या सायकलसाठी. मग काकाच नीलेशला म्हणाले, "रविवारपर्यंत ही चालली, नि मी न उतरता चढन चढलो, तर नेयाची न्हाय. बोल."

नीलेश माझ्याकडे बघून हसला. "चालेल."

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लायब्ररीत बसून मी परदेशातला एक फोरम शोधला. फोरम म्हणजे एकेका विषयावर प्रश्न विचारायची जागा. तिथे विकणं-घेणं चालत नाही, असं पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, म्हणून धीर आला. इंग्रजीचा धीर मात्र नव्हता. मराठीत लिहिलं, फोनकडून भाषांतर करून घेतलं आणि न वाचता पाठवलं. मी पाठवलं होतं ते असं : आदरणीय महोदय, माझ्या चाकात दोन कुत्रे होते. एकाचे तोंड तुटले आहे. दुसऱ्याची स्प्रिंग गटारात गेली. नवा कुत्रा कुठे मिळेल?

उत्तरं आली. एकाने दुःख कळवलं होतं. एकाने प्राण्यांच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं होतं. बाकीचे हसत होते. मला इतकी लाज वाटली की पोस्ट काढून टाकायला निघालो. चाचांना सांगितलं तर तेही पोट धरून हसले.

"काढू नको. कुत्र्याला कुत्रा म्हटलंस, गाढव थोडंच म्हटलंस?"

संध्याकाळी इंग्लंडमधल्या एका म्हाताऱ्या फिटरचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं, "हसू नका. आमच्या कारखान्यातही आम्ही याला कुत्राच म्हणायचो. मुला, फोटो टाक. हबवर ठोकलेला आकडा लिही. आणि तू राहतोस कुठे?"

आकड्यावरून हब कधीचा आणि कुठल्या जातीचा ते कळतं, हे मला तेव्हा कळलं. मी फोटो टाकले, आकडा लिहिला आणि गाव लिहिलं. तासाभरात तिथेच इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर आला : "रेवदंड्याला ये. माझ्याकडे असलाच एक मेलेला हब पडलाय."

जगभर फिरून मी रेवदंड्याला पोचलो होतो. लगेच दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला उतरलो, पुढे एसटी. तो मजकूर लिहिणारे बाळादादा तिथे होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. मी दारात दिसताच ओरडले, "काय रं, कुत्रंवाला तूच काय?"

ते त्या फोरमवर कितीतरी वर्षं वाचत होते. लिहिलं कधीच नव्हतं.

"का नाही लिहिलंत?" मी विचारलं.

"इंग्लिश चुकलं तं लोकं हसतील म्हणून. तुजं वाचलं नि वाटलं, याच्याहून वायीट तं मी लिहिनार न्हाय."

त्यांनी कुत्रे दिले, स्प्रिंगा दिल्या, आणि बसवायची युक्ती दाखवली. ग्रीसचा ठिपका लावून स्प्रिंग चिकटवायची, कुत्रा शिवायच्या दोऱ्याने दाबून बांधायचा, आत बसला की दोरा ओढून घ्यायचा. शनिवारी दुकानात मला ते चौथ्यांदा जमलं. चाचा शेजारी उभे होते, पण त्यांनी हात लावला नाही. चाक फिरवलं. टिकटिक आली.

"बोलला," चाचा म्हणाले.

रविवारी सकाळी काका पाव भरून निघाले. ते मोबाइल बाळगत नाहीत. दुकानात आम्ही तिघं थांबलो : चाचा, मी आणि नीलेश. रिसॉर्टवाल्याचा टेम्पो समोर उभा होता. मी तोच तोच पाना पुसत होतो.

थांबलो तेवढ्यात सुचलेलं सांगतो. मदत मागायची तर आधी बघावं, तिथले लोक दुरुस्त करतात की विकत घेतात. फोटो टाकावा, आकडा टाकावा, गाव लिहावं. भाषांतर पाठवण्याआधी एकदा वाचावं. आणि चुकलंच तर पोस्ट लगेच काढू नये.

चाचांचा फोन वाजला. वरच्या वाडीतल्या चहावाल्या मावशी होत्या. त्यांचा आवाज स्पीकर न लावताही आम्हाला ऐकू येत होता.

"हमीदभाय, दत्तूभावजींना काय खायाला घातलंत? माजा चहा उकळला पन न्हाय, नि हे दारात! सायकलीवरनं उतरले पन न्हायत, वरनंच पाव देतायत."

चाचांनी फोन नीलेशच्या हातात दिला. त्याने एवढंच विचारलं, "मावशी, पाव कसे आहेत?"

"हात भाजला रं माजा," मावशी म्हणाल्या.