माझं वर्षश्राद्ध

बसमधून उतरले, तर थांब्याच्या काचेवर माझा फोटो चिकटवलेला. खाली काळ्या चौकटीत छापलं होतं, 'तू जाऊन एक वर्ष झालं. आमची लाडकी रुमेना, वय चव्वेचाळीस. शोकाकुल, मुलगी बिल्याना, बहीण गेंका.' वय बरोबर होतं.

आमच्याकडे माणूस गेलं की असा कागद छापून दारावर, खांबावर, थांब्यावर लावतात. चाळिसाव्या दिवशी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, मग दर वर्षी. खांबांवरच्या मेलेल्यांकडे त्यामुळे कुणी वळूनही बघत नाही. पण स्वतःचाच कागद मी जवळ जाऊन दोनदा वाचला. फोटो मीच इटलीहून मुलीला पाठवला होता. त्यात शेजारी एल्विराबाई होत्या. त्यांना कापून टाकलं होतं, माझ्या खांद्यावर त्यांची दोन बोटं तेवढी उरली होती.

या एल्विराबाईंचं मी अकरा वर्षं सगळं केलं. खाऊ घालणं, न्हाऊ घालणं, कुशीवर वळवणं. नवरा दुसरीचा हात धरून स्पेनला गेला तेव्हा बिल्याना सात वर्षांची होती. तिला बहिणीकडे, गेंकाकडे ठेवून मी निघाले. उन्हाळ्यात येत असे, पण शेवटची दोन वर्षं म्हातारी अंथरुणाला खिळली आणि तेही जमलं नाही. ईस्टरच्या आठवड्यात ती गेली. तिच्या मुलांना घराच्या किल्ल्या दिल्या आणि कुणालाही न कळवता बसमध्ये बसले. शुक्रवारी बिल्यानाच्या शाळेचा निरोपाचा बॉल, नाचाचा समारंभ, होता. ती नवा झगा घालून अंगणात येणार, सगळी गल्ली बघायला लोटणार, आणि आपण तिच्या शेजारी उभं राहायचं. मग ती शिकायला जर्मनीला जाईपर्यंतचा अख्खा उन्हाळा तिच्याबरोबर काढायचा. परतीचं तिकीट मी काढलंच नव्हतं. एक उन्हाळा, एवढंच मला हवं होतं.

गल्लीच्या तोंडाशी शेजारची दोनाबाई भेटली. तिनं आधी छातीवर क्रूस काढला, मग पिशवी खाली ठेवली.

"अगं बया, रुमेना! तू तर..."

"मेले होते. सुट्टी मिळाली म्हणून आले."

"थट्टा नको गं. मी सकाळी गेंकाला म्हटलं, वर्षश्राद्धाचे उकडलेले गहू वाटले नाहीस ते, सख्ख्या बहिणीचं एवढंही करवत नाही का तुला? तर माझ्यावर झाडू घेऊन धावली."

घरी गेंका सुरीनं फाटकावरचा कागद खरवडत होती. माझं कपाळ निघालं होतं, हनुवटी निघत नव्हती. मला पाहिलं आणि ती सुरीसकट पायरीवर बसली.

"मला काही विचारू नकोस. पोरगी तुझी आहे, तिलाच विचार. मी फक्त वाढवली."

तेवढ्यात बिल्याना बाहेर आली. माझ्यापेक्षा वीतभर उंच झाली होती. मी हात पुढे केले. ती दारातच थांबली आणि म्हणाली, "आई? तू आज कशी काय?"

दोन वर्षांनी भेटलेल्या लेकीचं हे पहिलं वाक्य.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. राजधानीत, सोफियात, एक संस्था आहे. आई नसलेल्या हुशार मुलांना ती परदेशात शिकायला सगळा खर्च देते. बिल्यानानं अर्ज केला. त्यांनी मृत्यूचा दाखला मागितला तेव्हा हिनं सांगितलं, दाखला इटलीत अडकलाय. ते म्हणाले, ठीक आहे, तूर्त दारावरचा कागद पाठवा. म्हणून ही छापखान्यातल्या मिन्चोकाकांकडे गेली आणि एक प्रत मागितली. एकच, पाकिटात घालण्यापुरती. इथंच ती चुकली. मिन्चोकाकांनी जन्मात कुणाला एक प्रत छापून दिलेली नाही. त्यांना वाटलं, बिचारीपाशी पैसे नसतील. त्यांनी दहा छापल्या, पैसे घेतले नाहीत, आणि दुकान उघडण्याआधी उरलेल्या नऊ स्वतः फिरून लावल्या.

संध्याकाळी ते टोपी हातात घेऊन फाटकाशी आले.

"रुमेना, पोरी, माफ कर. मला वाटलं, एका कागदावर काय मेलेल्याचं भागतं? चर्चच्या दारावरसुद्धा लावला गं."

"चांगला चिकटवलात हो, काका. गेंका सकाळपासून खरवडतेय, मी काही निघेना."

ते रडायला लागले. गेंकानं त्यांना आत बसवून ब्रँडी दिली. ज्यांनी रडायला हवं होतं त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं आणि हे एकटेच रडत होते, याची मला चीड आली.

मी बिल्यानाला म्हटलं, "अर्जात काय लिहिलंस ते दाखव."

"कशाला?"

"मी कशी मेले ते मला कळायला नको?"

तिनं कागद आणून दिले. संस्थेनं तीन गोष्टी विचारल्या होत्या. तुमचा स्वभाव कसा आहे, तुम्हाला कुणापासून प्रेरणा मिळाली, आणि घर सोडताना तुम्ही काय बरोबर नेणार. स्वभावाबद्दल तिनं लिहिलं होतं की मी खोटं सहन करू शकत नाही. तिथं मला हसू आलं, खरंच आलं. पुढचं पान वाचायला घेतलं आणि ते मावळलं.

'माझी आई दोन वर्षं अंथरुणावर होती,' असं लिहिलं होतं. 'शाळेतून आले की मी तिचे केस धुवायची. मान उचलून पाठीशी उशी द्यायची आणि पाणी कानात जाऊ नये म्हणून कानांवर हात धरायची. शेवटच्या दिवशी तिनं संत्रं मागितलं. तिला खाता येत नव्हतं, म्हणून मी नुसती साल सोलून तिच्या नाकाशी धरली. ती म्हणाली, आता घरी आल्यासारखं वाटतंय.'

ही एल्विराबाई होती. संत्र्याची साल मी धरली होती. कानांवरचे हात माझे होते. दर रविवारी मी फोनवर हे सगळं बिल्यानाला सांगायचे, आणि ती हं, हं करत राहायची. मला वाटायचं, ऐकतसुद्धा नाही. तर पोरीनं शब्द न् शब्द ऐकला होता, आणि माझ्या जागी स्वतःला उभं करून मला त्या म्हातारीच्या पलंगावर नेऊन झोपवलं होतं. लिहिलं इतकं सुरेख होतं की वाचताना मलाच माझ्या मरणाचं रडू आलं. गेंकाचं नाव तर कुठंच नव्हतं. अकरा वर्षं जिनं डबे भरले, ताप उतरवले, तिच्या वाट्याला 'नातेवाईक' एवढा एकच शब्द.

"जिवंतपणी माझे दिवस घातलेस," मी म्हटलं. "खरं लिहिलं असतंस तर चाललं नसतं? आई परदेशात राबतेय, हे दुःख कमी आहे?"

"आई इटलीत, हे काय दुःख आहे?" ती म्हणाली. ओरडली नाही, मला समजावून सांगत होती. "आमच्या वर्गात सतराजणींच्या आया इटलीत आहेत. त्याला कोण विचारतं? आणि खरं सांगू? खोटं लिहितेय असं मला लिहिताना वाटलंच नाही."

गेंका आतून ओरडली, "कानफटात दे तिच्या!"

मी दिली नाही. हातच उचलला नाही. अकरा वर्षं फोनवर असलेल्या बाईला हात असतात, हे त्या वेळी मलाच आठवलं नाही. मला फसवलं याचा राग होता, आणि ती म्हणत होती त्यात काही अंशी तथ्य होतं, याचा जास्त.

दुसऱ्या दिवशी दुपारी संस्थेचा फोन आला. बिल्यानानं नंबर पाहिला आणि वाजता फोन गेंकापुढे धरला.

"पालकांशी बोलू असं त्यांनी कळवलंय. गेंकामावशी, घे ना."

"माझ्या तोंडानं मी जिवंत बहिणीला पुरणार नाही," गेंका म्हणाली आणि कोंबड्यांकडे निघून गेली.

फोन वाजत राहिला. बिल्याना माझ्याकडे बघायला लागली. लहानपणी ताप चढला की ती असंच बघायची, काही न मागता. मी एक शब्द बोलले असते तर ती सगळं गमावून बसली असती. आणि कदाचित माझ्यापाशी राहिली असती, जन्मभर माझा द्वेष करत. मी फोन घेतला.

"मी तिची मावशी बोलतेय," मी म्हटलं.

संस्थेच्या बाईंचा आवाज फार मायाळू होता. त्या म्हणाल्या, "तुमच्या बहिणीबद्दल फार वाईट वाटलं."

"आभारी आहे."

"मुलगी आईविषयी इतकं सुंदर लिहिते. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसेल, नाही?"

"नाही हलत," मी म्हटलं.

"तुमची बहीण कशी होती हो?"

"कष्टाळू होती," मी म्हटलं. "घरी फारशी नसायची." एवढं खरं बोलून घेतलं.

मग त्यांना बिल्यानाशी बोलायचं होतं. ती फोन घेऊन खिडकीपाशी गेली. हो म्हणाली, नक्की म्हणाली, खूप खूप आभार म्हणाली. फोन ठेवला आणि धावत येऊन माझ्या गळ्यात पडली. मी आल्यापासून पहिल्यांदाच. तिच्या केसांना कुठल्या साबणाचा वास येतो तेही मला माहीत नव्हतं. मी घट्ट धरून ठेवलं.

"शिष्यवृत्ती मिळाली, आई! जवळजवळ मिळालीच! तुझ्यासारखी आई कुणाची नसेल." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवूनच तिनं विचारलं, "तू परत कधी निघतेस?"

इटलीची बस आठवड्यातून दोनदा सुटते. मी म्हटलं, "मंगळवारी."

"बरं झालं," ती म्हणाली. "घर बघायला ते लोक बुधवारी येणारेत."