पालथं मडकं

माही नात लिहून राह्यली, मी सांगून राह्यली. नात पुसते, आजी, तुले देव दिसला का? मले अजून समजत नाई, काय सांगू.

मी आठ-नऊ वर्षांची असंन. बा नव्हता. माय दिसभर दुसऱ्याच्या बांदीत धान रोवाले जाये. घरी मी आन लहान बहीण, शांती. घरात दाणा नाई. म्हणून मायनं जंगलातून कडू कांदे, म्हणजे रानातले कंद, खंदून आणले. ते जहरी असतात. उकडून, कापून, टोपलीत घालून तीन दिस नाल्याच्या धारेत ठेवा लागते. मंगच खायाचे. मायनं बजावलं होतं.

दुसऱ्या दिशी शांती रडून रडून गप झाली. तिच्या गप होन्याचंच मले भेव वाटलं. मी गावाबाहेर मातामायच्या, आमच्या गावदेवीच्या, दगडापाशी गेली, म्हटलं, माय, आज पोरीले खाऊ घाल. आन सरळ नाल्यावरून टोपली उचलून आणली. मीठ घालून कांदे चुलीवर चढवले.

तेवढ्यात एक बाई दारात आली. डोक्यावर मोळी, हातभर गोंदण. पाणी मांगलं. पेता पेता चुलीवरच्या मडक्यात पाह्यलं.

"कांदा कई टाकला व्हता पान्यात?"

"काल."

तिनं गिलास ठेवला आन मडकं राखेत पालथं केलं.

मी तिच्या अंगावर धावली. "तुयं मडं जावो! आमच्या तोंडचं काऊन सांडलं?"

ते हासली. "दे शिव्या, बाई. शिव्या द्याले पोरगी जित्ती पाह्यजे." पदराची गाठ सोडली, भाजलेली मोहफुलं आमच्या हातावर ठेवली, मोळी उचलून गेली. शांतीनं फुलं खाल्ली. मी रागानं तिच्याकडं पाह्यलंबी नाई.

सांजेले माय आली. राखेतले तुकडे पाह्यले, मी सारं सांगतलं. शांतीले पोटाशी धरून म्हणे, मातामायच आली होती.

मले तेव्हाबी कोडं पडलं. मातामायले तहान लागते का? अन् त्याच पावसाळ्यात शेजारचं लेकरू उपाशी मेलं, त्याच्या दारी काऊन नाई आली? मोठी झाल्यावर आजूबाजूच्या टोल्यांवर, वाड्यांवर पुसलं. अशी बाई कोनाले ठाऊक नाई. देव म्हणू त शेजारणीचं तोंड आठवते, मानूस म्हणू त मनाले पटत नाई.

शांती आता नातवंडांची आजी हाय. आली का माह्याच ताटात जेवते.

मी मांगलं होतं खाणं, अन् तिनं तेच सांडलं. आताबी हातचं काई गेलं का पह्यले शिवीच येते तोंडात. मंग शांतीकडं पाह्यते, अन् शिवी गिळून हात जोडते. कोनाले जोडते, ते नाई ठाऊक. जिनं सांडलं, तिले.