चांदणीची सावली आणि आमचा संताप

किस्से काही कुणी पेरत नाही. शेताच्या धुऱ्या-बांधानं सरळ चालत जावं आणि घरी येऊन पाहावं, तर साडीच्या काठाला कुसळंच कुसळं! एक उपटायला बसावं तर दहा हाती लागतात. आम्हा चौघी मैत्रिणींचं तसंच आहे. त्यातली निम्मी कुसळं एकाच पुस्तकाची.

आम्ही तेव्हा नेरच्या शाळेत नववीत. माझे बाबा वाचनालयात शिपाई, म्हणून ते पुस्तक पहिल्यांदा माझ्या हाती लागलं. मुखपृष्ठ गेलेलं, शेवटची पानं गेलेली, आणि मधे दोनशे पानं नुसतं प्रेम! ढगांपलीकडच्या राज्याचा पंखवाला राजपुत्र अरुणाक्ष आणि तळ्याकाठची सोळा वर्षांची चांदणी. तो गरुड होऊन तिच्या खिडकीसमोरच्या जांभळीवर बसतो. प्रेमाची खूण म्हणून तिची सावली आपल्या पंखाला बांधून ठेवतो. का, तर तिनं तळ्यापलीकडे जाऊ नये!

मी, पुष्पा, वनिता आणि बंजारा तांड्यावरची सुनंदा राठोड, चौघींनी ते पाळीपाळीनं वाचलं. दुसऱ्या कुणी नेऊ नये म्हणून बोंडअळीवरच्या पुस्तकांमागे दडवलं. तो तिला सोडून जातो त्या प्रकरणाला आम्ही इतक्या रडलो की, शपथेवर सांगते, वाचनालयामागच्या विहिरीला भर मे महिन्यात पाणी चढलं!

* * *

शेवट काय झाला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ठोकून दिलं, "मी अमरावतीले मावशीकडं पुरी प्रत वाचली."

धादांत खोटं! अमरावतीला माझी मावशीच नाही.

दोन वाक्यांत त्या दोघांचं लग्न लावून मी मोकळी होणार होते. पण त्या दिवशी सुनंदानं बोरं आणली होती आणि माझ्या वाट्याला आली दोन. तीही किडकी! मला असा राग आला की मी लग्नच मोडून टाकलं. म्हटलं, "चांदणी आपली सावली सोडवून घेते अन् त्याले म्हनते, बारा वर्षं थांब, मी डोंगरापल्याड शिकाले चालली. अन् जाते."

पुष्पा-वनिता रडल्या. सुनंदा मात्र आधी माझ्या हातातल्या किडक्या बोरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहत राहिली.

* * *

बारावीनंतर सुनंदाच्या सगाईची बोलणी निघाली. मुलाकडच्यांची एकच अट, शिक्षण बंद. तांड्याचा मुखिया म्हणजे नायक, काका, मामा, सगळे बसलेले. चहा घेऊन आलेली सुनंदा तिथंच उभी राहिली आणि म्हणाली, "बारा वर्षं थांबा म्हना त्याइले. माही सावली मी कोनाले देत नाही."

लोकांना वाटलं, पोरीला झपाटलं! मामानं लिंबू आणायला माणूस पिटाळला. लिंबू येईपर्यंत पाहुणे उठून गेले होते.

सुनंदा नर्सिंगला यवतमाळला गेली. आज तिथल्याच दवाखान्यात सिस्टर आहे. लग्नही केलं, पण नोकरी लागल्यावर आणि स्वतःच्या पसंतीनं. नव्या पोरी विचारतात, "सिस्टर, तुम्ही या लाइनमधे कशा आल्या?" तर ही सांगते, "चांदणीनं आणलं."

दोन किडक्या बोरांनी आणलं, हे मी तीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार?

* * *

आणि या हिवाळ्यात पुष्पाचा फोन! ती झेडपीच्या शाळेत मास्तरीण. यवतमाळला रद्दीवाल्याकडे तिला तेच पुस्तक सापडलं. "शोभे, मुखपृष्ठासकट! शेवटासकट!"

म्हणजे आता माझी थाप उघडी पडणार! त्यात सुनंदाचा ग्रुपवर मेसेज, "दर रविवारी पुष्पाकडं वाचू. शेवट मी वाचीन. तोपर्यंत शेवटचं पान कोनी उलटवाचं नाही."

पहिल्या रविवारी मुखपृष्ठ पाहायला चौघी एकदम वाकलो. ज्याच्यासाठी नववी-दहावी उसासे टाकले, तो अरुणाक्ष चित्रात हुबेहूब आमच्या गणिताच्या सरांसारखा! तीच मिशी, तोच भांग. फक्त पंख जास्तीचे.

वनिता कपाळावर हात मारून म्हणाली, "अवं माय! याच्यासाठी मी गणितात नापास झाली?"

* * *

पुष्पाला वाचताना हातात लाल पेन लागतो. तिसऱ्या प्रकरणात राजपुत्र आपलं वय सांगतो, दोनशे वर्षं! तेव्हा हे आम्हाला रोमँटिक वाटलं होतं. आता पुष्पा उसळली, "दोनशे वर्षांचा घोडा, अन् सोळा वर्षांच्या पोरीले म्हनते, तू इतरांसारखी नाहीस! दोनशे वर्षांत कितीजनींले म्हटलं असन यानं? अन् खिडकीसमोर झाडावर कायले बसते? बेल वाजवता येत नाही?"

तिनं समासात लाल अक्षरात शेरा मारला, 'पालकांना घेऊन येणे.'

* * *

सावली बांधायचं प्रकरण वनितेनं वाचायला घेतलं. तिचं शिवणकामाचं दुकान आहे. नवऱ्याच्या हुकमानं हिच्या मोबाइलचं लोकेशन चोवीस तास चालू. 'जिथे तू जाशील ते मला कळेल, प्रिये' या वाक्यावर ती अडकली. परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. एवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"काहून वं? टिपका दोन घंट्यांपासून एकाच जागी हाय. हालून नाही राह्यला."

"टिपका आपल्या जागी बराबर हाय. मीच हालून नाही राह्यली!" वनितेनं फोन ठेवला आणि लोकेशन बंद करून टाकलं.

दहा मिनिटांत स्कूटर दारात. घामाघूम झालेला नवरा. पुष्पानं दार उघडलं आणि अदबीनं म्हणाली, "या अरुणाक्ष महाराज! पंख बाहेर काढून ठेवा."

बिचारा चप्पल काढून आत आला, चहा पिऊन गेला. लोकेशन अजून बंदच आहे.

* * *

शेवटच्या रविवारी पुष्पा स्वयंपाकघरात, वनिता गॅलरीत आणि सुनंदाची बस यायची होती. मी चोरून शेवट वाचला.

काय सांगू! चांदणी सावली परत मागतच नाही हो! राजपुत्र तिला सोन्याच्या घरट्यात बसवतो आणि छोटे पंख देतो, त्याच्या मागे-मागे उडता येईल एवढेच. आणि ही बया म्हणते, 'माझं आकाश तुझ्या पंखाखाली.' समाप्त!

माझं डोकं फिरलं. मी निदान दोन किडक्या बोरांवर रागावून लग्न मोडलं होतं. या लेखकाला कुणी काय खाऊ घातलं होतं?

पण रागापाठोपाठ भीती आली. आता सुनंदा हे वाचणार. जिनं भरल्या बैठकीत माझ्या थापेवर आयुष्य उभं केलं, तिला कळणार की चांदणी कुठं गेलीच नव्हती. पुस्तक पळवावं म्हणून मी ते पदराआड घेतलं, तोच सुनंदा दारात. तिनं शांतपणे माझ्या हातून पुस्तक काढून घेतलं आणि म्हणाली, "हे मी घरी एकटी वाचीन."

आठ दिवस ग्रुपवर तिचा एक शब्द नाही. आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

* * *

नवव्या दिवशी माझ्या झेरॉक्सच्या दुकानात सुनंदाची पोरगी आली. यंदा नववीत आहे. काखेत ते पुस्तक, हातात कापडी पिशवी.

"मावशी, काय भारी पुस्तक हाय! मी तं दोन दिवसांत वाचलं. पन शेवटची पानंच नाहीत."

मी पुस्तक उघडलं. शेवटची पानं कापलेली होती. अगदी सरळ. टाके काढायच्या कात्रीनं कापावीत तशी.

"याडी म्हने, पानं पयलेपासूनच नव्हती." आईला ती तांड्याच्या बोलीत याडी म्हणते. "अन् म्हने, शेवट शोभामावशीले ठाऊक हाय. तिनं अमरावतीले पुरं वाचलं."

मी घसा साफ केला. तोंड उघडलं.

"थांबा मावशी!" तिनं पिशवी काउंटरवर उपडी केली.

बोरं! दोन किलो तरी असतील. टपोरी, लालबुंद, एकही किडकं नाही.

"याडीनं सांगतलं, शेवट विचाराच्या आधी मावशीले हे पोटभर खाऊ घाल."