मिशाळरावांचे शेजारी

दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या बाईंना सगळेच मावशी म्हणत. डॉक्टरही म्हणत, आणि डॉक्टर त्यांच्यापेक्षा चांगले चार वर्षांनी मोठे. मावशींनी त्यावरून त्यांना एकदा सुनावलंही होतं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. बावीस वर्षं त्या खुर्चीत गेली, हजारो सुजलेले गाल पाहून झाले, आणि एवढ्या वर्षांत मावशींनी हट्ट धरून मागितलेली वस्तू एकच, बाहेरच्या खोलीतली माशांची पाच फुटी टाकी.

आतल्या मशिनच्या आवाजावरून लोकांचं लक्ष उडावं, एवढाच हेतू. त्यात त्यांनी बोटाच्या पेराएवढे निळे-लाल निऑन मासे सोडले, मोजून वीस. पुढे काचेवर शेवाळ धरायला लागलं तशा त्या दुकानदाराकडे गेल्या. त्याने रुपेरी अंगाचा, काळ्या ठिपक्यांचा, लांबच लांब मिशांचा कॅटफिश पिशवीत घालून दिला आणि म्हणाला, "हा न्या. टाकी साफ करतो."

केली की हो त्याने साफ. शेवाळ जिथल्या तिथे, मासे मात्र विसाचे अकरा झाले, अकराचे चार. चार महिन्यांनी एका सकाळी मावशी येऊन बघतात तर टाकीत मिशाळराव, म्हणजे मावशींनी लाडाने हे नाव दिलेला तो कॅटफिश, एकटेच, पोट टम्म, आणि वर खाऊसाठी काचेशी येऊन उभे.

डॉक्टर सहसा आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढला. "पेशंट विचारतात मासे कुठे गेले. काय सांगू त्यांना? आपण टीव्ही लावू. टाकी देऊन टाका, आणि तो मासाही."

मावशींच्या चष्म्याची साखळी दिसली की मिशाळराव टाकीच्या दुसऱ्या टोकाकडून धावत येत. घरी नवराही इतक्या लगबगीने उठत नसे. "त्याचं काय चुकलं?" त्या म्हणाल्या. "शेजारी निवडताना चुकले मी. मला एक संधी द्या. नवे मासे आणते. आठ दिवस रोज सकाळी मोजा, एक जरी कमी भरला तर टीव्हीचा खिळा मी ठोकते."

डॉक्टरांनी टीव्हीवाल्याला आठव्या दिवशी सकाळी दहाची वेळ दिली. विश्वास किती होता ते त्यातच आलं.

मावशी हात धुऊन माहितीच्या मागे लागल्या. दुपारच्या सुट्टीत डबा एका हातात, मोबाइल दुसऱ्या हातात. वाचता वाचता एक गोष्ट लख्ख कळली. हा मासा भांडखोर नाही, दुष्ट तर नाहीच. तोंडात मावतं ते त्याला जेवण वाटतं, मावत नाही ते शेजारी. म्हणजे आधी तोंडाचं माप हवं. आणि तोंड उघडायला लावण्यात तर मावशींची हयात गेलेली.

त्यांनी डॉक्टरांची दात मोजायची सरकपट्टी उचलली, काचेला टेकवली आणि खाऊची गोळी सोडली. "आ करा, मिशाळराव." तीन गोळ्या हुकल्या, चौथीला माप मिळालं. अजून वाढायचं अंग म्हणून त्यांनी ते दुप्पट धरलं.

घरी नवऱ्याने तेवढं गोल भोक अपॉइंटमेंटच्या कार्डाला पाडून दिलं. लेथवर जन्म काढलेला माणूस, अर्ध्या मिलिमीटरसाठी भांडणारा. "माझ्या चष्म्याचं माप द्यायला चल म्हणून सहा महिने मागे लागलोय," तो म्हणाला, "आणि माशाच्या तोंडाचं माप एका दुपारीत."

"तुम्ही कोणाला खाल्लं नाहीत अजून," मावशी म्हणाल्या, आणि कार्ड पर्समध्ये टाकून निघाल्या.

दुकानात त्यांनी एकेका टाकीवर कार्ड धरायला सुरुवात केली. "मी सफाईवाला म्हणालो ते..." दुकानदार चाचरला. मावशींनी नुसतं बघितलं आणि कार्ड पुढच्या टाकीवर धरलं. गप्पी मासा भोकातून अख्खा आरपार गेला असता, बाद. पट्टेवाला बार्ब मासा भोकापेक्षा मोठा होता, पण तो दुसऱ्यांचे पर कुरतडतो म्हणाल्यावर मिशांची आठवण होऊन मावशींनी हात झटकले. एंजल देखणा खरा, पण संथ, आणि मिशाळरावांची धावपळ बघून त्याने धास्तीच घेतली असती.

मग कोपऱ्यात चांदीच्या तबकड्यांसारखं काहीतरी लकाकलं. सिल्व्हर डॉलर. तळहाताएवढे गोल, चपटे, भोकातून नुसती शेपटी गेली असती. स्वभावाने गरीब, पाणी तसंच उबदार लागणारं, आणि घोळक्याने राहिले तर खूश. "एवढंच की टाकीतली झाडं खातात," दुकानदार म्हणाला.

"पाला खाऊ दे पोटभर. मी प्लॅस्टिकची लावते. सहा द्या." मावशींनी हरखून तिथेच पैशांसाठी पर्स उघडली.

पहिल्या सकाळी त्या अर्धा तास आधी आल्या. सहा. दुसऱ्या सकाळी सहा. चौथ्या दिवसापासून पेशंटही दारातून विचारायला लागले, "किती?" डॉक्टर यात पडत नसत, पण हात पुसत पुसत येऊन ओठ हलवून मोजून जात.

आठव्या सकाळी पाच भरले.

मावशींनी पुन्हा मोजलं. पाच. प्लॅस्टिकच्या झाडांमागे पाहिलं, जमिनीवर पाहिलं, झाकण उघडून पाहिलं. मिशाळराव साखळी बघून धावत आले, आणि मावशींना त्यांच्या पोटाकडे बघवेना. दहाला टीव्हीवाला ड्रिल घेऊन हजर. डॉक्टर दारात उभे राहून ओठ हलवत मोजू लागले, आणि पाचावर थांबले.

बाकावर एक गवंडी गाल धरून बसला होता. तगडा गडी, पण याआधी तीनदा खुर्ची बघूनच पळालेला. तो उठला, टाकीपाशी वाकला आणि भिंत ओळंब्यात आहे का बघतात तसा एक डोळा मिटला.

"बाई, त्या नळीमागे रेघ दिसतेय बघा. ती नळीची नाही. श्वास घेतेय."

सहावा मासा फिल्टरच्या नळीआड तोंड पुढे करून उभा होता. समोरून बघितला तर केवढा तो, जेमतेम एक रेघ. गवंड्याने काचेवर टिचकी मारली तसा तो वळला, आणि चांदीची अख्खी तबकडी समोर आली. मावशींना हसू आणि रडू एकदमच आलं, आणि त्यांनी दोन्ही येऊ दिलं.

"चला, तुमचा नंबर," डॉक्टर गवंड्याला म्हणाले. तो टाकीकडे बघत बघत आत गेला आणि खुर्चीत बसला. फक्त म्हणाला, "दार उघडं ठेवा, मासे दिसू देत."

डॉक्टरांनी दार सताड उघडलं आणि टीव्हीवाल्याला हातानेच जा म्हणून सांगितलं. मग मास्क वर ओढता ओढता थांबले.

"मावशी, आम्ही दोघं आत आहोत. तोवर मिशाळरावांचा खाऊ राहिलाय तो देऊन टाका."

आजवर ते त्याला 'तो मासा' म्हणत आले होते. मावशींनी डबी उघडली, पण डोळे इतके भरले होते की गोळ्या कुठे पडताहेत ते त्यांना दिसेना.