चार बावीस आणि पाच बावीस

माझ्या भाचीला नर्सिंगच्या पहिल्या फेरीत गोंदियातच जागा लागली होती. ती स्वीकारायची मुदत त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत होती. अडलेला दाखला तिच्या हाती सकाळी पडला आणि ती सालेकशाहून निघाली. गोंदियाच्या कुठल्याही सेंटरवर तिचं काम झालं असतं. पण प्रवेशाचं ते पोर्टल मामाची कंपनी चालवते, म्हणून तिला ते माझ्यासमोर बसून करायचं होतं. गोंदियाला गाडी बदलून ती सौंदडला आमच्या घरी पोचली तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करतो. पोर्टल दोन ठिकाणी ठेवलेलं असतं, एक मुंबईत आणि एक हैदराबादेत. मुंबईचं पडलं तर लोकांना हैदराबादकडे वळवायचं, याला फेलओव्हर म्हणतात. हे हाताने करत नाहीत. पडलं हे कशावरून समजायचं, किती वाट पाहायची, कुठे वळवायचं, हे कोडमध्ये लिहून ठेवावं लागतं. ते मी लिहितो. दर महिन्याला मुंबई मुद्दाम बंद करून आम्ही तालीम घ्यायचो, आणि दोन मिनिटांच्या वर कधीच वेळ लागला नव्हता. तो आकडा मी अभिमानाने अहवालात लिहायचो.

चार वीसला मुंबई खरोखर पडलं. चार बावीसला माझ्या कोडने वाट बदलली. माझ्या पडद्यावर सगळं हिरवं झालं.

"मामाजी, हे फिरूनच राहिलं," भाची म्हणाली. तिचे कागद चढवून झाले होते, शेवटचं बटण तेवढं उरलं होतं.

"थांब, होते."

झालं नाही. तिचा फोन बंद करून चालू केला. वायफाय काढून मोबाईलचा डाटा लावला. बायकोच्या फोनवरही तेच. मग मी पत्ता तपासला. दोन्ही फोनवर अजून मुंबईचाच पत्ता होता.

फोनने पोर्टलच्या नावाचा पत्ता विचारला की उत्तरासोबत एक आकडा मिळतो. हे उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचं, याचा. तेवढा वेळ इंटरनेट देणाऱ्या कंपन्या पुन्हा विचारायला येत नाहीत. तो आकडा मी टाकला होता, तीन हजार सहाशे. फेऱ्या कमी होतात, पान थोडं लवकर उघडतं, असा माझा हिशेब होता. तालमीत हे दिसलं नाही, कारण आमची तपासणारी यंत्रणा दर वेळी पत्ता नव्याने विचारायची. लोकांचे फोन तसं करत नाहीत. वर्षभर मी माझंच घड्याळ मोजत होतो.

चार बावीसच्या आधी ज्यांनी विचारलं, त्यातले शेवटचे पाच बावीसला सुटणार होते. आता आकडा बदलूनही उपयोग नव्हता. आधी दिलेली उत्तरं परत मागवता येत नाहीत.

"तुमचंच हाय ना हे? मंग काऊन होऊन नाही राहिलं?" बायकोने विचारलं.

"माझंच आहे, म्हणूनच होत नाही."

"पुण्याचं सारं चालवता, अन् घरच्या पोरीचं एक बटन दाबून नाही राहिले."

कंपनीच्या लॅपटॉपला मी नवा पत्ता हाताने सांगू शकत होतो. एका ओळीचं काम. पण कामाच्या लॅपटॉपवरून कुठल्याही विद्यार्थ्याचं खातं उघडणार नाही, असं मी लिहून दिलेलं होतं, आणि भाची यंदा अर्जदार आहे हेही मीच कळवलं होतं. शिवाय अडकलेली ती एकटी नव्हती. खरे आकडे वर, प्रवेशवाल्यांकडे गेले की मुदत सगळ्यांनाच वाढवून मिळेल, अशी माझी खात्री होती. मी तिला तसं सांगितलं. तिने मान हलवली आणि बटण दाबत राहिली. पाच वाजता पानाऐवजी 'मुदत संपली' असं तरी दिसेल असं मला वाटलं होतं. तिला तेही दिसलं नाही. पाच चौदाला दिसलं.

सहाच्या आत मी अहवाल पाठवला. वाट वळली चार बावीसला, शेवटची माणसं पोचली पाच बावीसला, आकडा माझा, चूक माझी. टीममध्ये मी वयाने मोठा, म्हणून साहेबही मला काका म्हणतो. त्याचा फोन आला.

"काका, फेलओव्हर दोन मिनिटांत झाला ना? मग पाच बावीस कुठून काढलं?"

"लोक तेव्हा पोचले."

"लोकांचे फोन आपल्या हातात आहेत का? आपल्या हातात होतं ते दोन मिनिटांत झालं. एकच आकडा जाईल."

"पण आकडा टाकला मीच. तो आपल्याच हातात होता."

"काका, मी तुम्हालाच वाचवतोय."

चार बावीस तेवढं वर गेलं. मी त्याच्या वरच्यांना वेगळं पत्र लिहिलं. उत्तर आलं की नोंद घेतली आहे, पुढच्या बैठकीत विषय ठेवू. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रवेशवाल्यांनी कळवलं की सेवा फक्त दोन मिनिटं बंद होती, त्यानंतर पाचपर्यंत अडतीस मिनिटं शिल्लक होती, मुदतवाढीचं कारण दिसत नाही. अडतीस ही वजाबाकी बरोबरच होती. तिच्यात चूक काढायला मला जागा नव्हती.

भाची तोवर परत गेली होती. संध्याकाळी बहिणीचा फोन आला. ती माझ्यापेक्षा मोठी. मी तिला सगळं सांगायला लागलो. पत्ता, तीन हजार सहाशे सेकंद, तालीम, दोन आकडे, कोणता गेला आणि कोणता राहिला. लॅपटॉपची गोष्टही लपवली नाही. तिने मधे एकदाही तोडलं नाही.

"अरे, तुझं ते सेकंदाचं मले काही समजत नाही," ती शेवटी म्हणाली. "पोरीले जागा भेटते का नाही, तेवढंच सांग."

"नाही," मी म्हणालो.