इंजिनाला पाजलेला नारळ

ट्रक मागं सरकत होता. लिंबागणेश गावाच्या अलीकडच्या चढावर इंजिन बंद पडलं होतं, मागं विटा भरलेल्या होत्या, आणि मालक दोन्ही पाय ब्रेकवर देऊन सीटवरून अर्धे उठले होते. मालक म्हणजे माझा नवरा. आमच्या गाडीच्या ब्रेकला हवा लागते आणि इंजिन बंद असलं की ती हळूहळू निघून जाते, हे मला माहीत होतं. काचेखाली पिवळा दिवा पेटलेला. मी दार उघडून उतरले. उतरले म्हणजे पडलेच. कडेचा दगड उचलून मागच्या चाकाखाली ढकलला. तो फुटला. दुसरा मोठा होता. चाक त्याच्यावर टेकलं आणि थांबलं.

आरशात मालकांचं तोंड दिसत होतं.

"हात काढ आधी," ते ओरडले.

माझा हात दगडावरच राहिला होता. तो काढला आणि तिथंच मातीत बसले. पायाला तांबड्या मुंग्या डसत होत्या, गाडीतूनच चढलेल्या. तेव्हा त्यांच्याकडं बघायचं भान नव्हतं.

तो दिवा काही पहिल्यांदा लागला नव्हता. दोन पावसाळे तो आमच्या मागं होता. आधी गाडी उभी असताना इंजिन थरथरायचं, धाप लागलेल्या म्हशीसारखं. मग दिवा लागायचा. बीडचा मिस्त्री स्टेअरिंगखाली वायर जोडून एका डबीवर नंबर बघायचा. दरवेळी तोच नंबर. डिझेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा आहे म्हणायचा. सेन्सर बदलला, दिवा गेला, आणि पुढची अमावास्या होऊन गेली की पुन्हा तोच दिवा, तोच नंबर.

अमावास्येचं मालकांच्या ध्यानात आलं होतं. कुणाची तरी नजर आहे, असं त्यांनी धरलं. आमच्याकडं गाडीवाले अमावास्येला गाडी धुतात, लिंबू-मिरची बदलतात, नारळ फोडतात. मालकांची रीत त्याच्याही पुढची. केबिनमध्ये दोन सीटांच्या मधलं इंजिनाचं झाकण उचलायचं आणि नारळाच्या पाण्याची पहिली धार इंजिनावर सोडायची. हिनं प्यायल्याबिगर आपण कसं प्यायचं, म्हणायचे. उरलेल्यातलं अर्धं मला. पहिल्या ट्रकपासूनची ही सवय. तो ट्रक निव्वळ लोखंड होता, त्याला काही झालं नाही. हा जुनाच घेतला, पण याला वायरी फार. दिवा लागायला लागल्यापासून मालक एकाच्या जागी दोन नारळ फोडू लागले होते.

ट्रॅक्टरनं ओढून गाडी बीडला नेली. मिस्त्री म्हणाला, या वेळी सापडलं तर ठीक, नाहीतर विकून टाका, चढावर पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल.  मालकांनी बाहेर स्टुलावर बसून चहा गार होईपर्यंत हातात धरला. डोळ्याच्या ऑपरेशनला घरी बसले होते तेव्हा ते दिवसभर भिंतीकडं तोंड करून निजायचे. जेवा म्हटलं तर जेवायचे, नाहीतर नाही. तेव्हापासून मी गाडीत शेजारी बसून जाते. मला फिरायची हौस नाही. त्यांना डुलकी लागू नये म्हणून बडबडते. ट्रक गेला तर मला त्याचं काही नव्हतं. मला त्या भिंतीचं भ्या होतं.

मिस्त्रीनं झाकण काढलं. या वेळी त्यानं सेन्सर सोडून त्याच्या वायरीचा प्लग उघडला. आत पितळेच्या भांड्याला चढतं तसं हिरवं चढलं होतं.

"पाणी जायलंय, मामी. पण हितं पाऊस न्हाई येत, मग येतंय कुठून?"

मी केबिनमध्ये माझ्या जागेवर बसले होते. खाली बघितलं तर पायरीवरून मुंग्यांची रांग आत आली होती. चटईवरून, झाकणाच्या कडेनं, थेट त्या प्लगापर्यंत. मुंग्या नुसत्या पाण्याला एवढ्या लांब येत नाहीत, गोडाला येतात. मी वायरीला बोट लावलं. चिकट होतं.

मी मिस्त्रीला नारळाचं सांगितलं. त्यानं बाहेर बसलेल्या मालकांकडं बघितलं आणि पुन्हा इंजिनात मान घातली.

"मामाला तुमीच सांगा," म्हणाला.

मला गोड करून सांगता येत नाही. बाहेर गेले आणि म्हणाले, "आवो, गाडीला नारळ पाजू नका. वायरी सडायल्यात त्यानं. दिवा त्याच्यानंच लागतोय."

त्यांनी कप खाली ठेवला.

"मंजी मीच मारायलो व्हय तिला?"

"मारत न्हाई. लाड करायलात. ते बंद करा."

मिस्त्रीनं प्लग वायरीसकट नवा घातला, इंजिन पुसून कोरडं केलं आणि वरून रबराची टोपी चढवली. गाडी चालू करून उभी ठेवली. मालकांनी इंजिनाच्या झाकणावर तळहात टेकला आणि डोळे मिटून बसले. इंजिन एकसारखं चालत होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी हात उचलला.

पुढच्या अमावास्येला त्यांनी गाडी धुतली, लिंबू-मिरची बांधली, नारळ हातात घेतला आणि उभेच राहिले. मग तो खाली ठेवून पायरीवर बसले. मी नारळ घेतला, दगडावर फोडला आणि पहिली धार पुढच्या चाकावर सोडली.

"पायानं पी म्हणावं," मी म्हणाले.

ते हसले. करवंटी माझ्याकडून घेतली, घोटभर प्यायले आणि उरलेलं मला दिलं. अर्ध्याहून जास्त होतं.

दिवा त्यानंतर लागला नाही. चढावर त्या दिवशी गाडीत आम्ही दोघंच होतो. दोघंही अजून आहोत. ते चालवतात, मी शेजारी बसते.