सलालाहच्या धुक्यातली मॅच

काल दुपारी डर्मट काका गेले.

आयर्लंडकडून फुटबॉल खेळलेला माणूस. इथे ओमानला, अल हैलमध्ये, आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायचा.

"काका" मी म्हणायला लागले, मग सगळी बिल्डिंगच म्हणायला लागली. बोलायचे इंग्लिशच, पण मला आता ते सगळं मराठीतच आठवतंय.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण काकांचं करिअर तोंडपाठ आहे. थंडीत रोज संध्याकाळी गच्चीवर चहा, समोर समुद्र, आणि तीच गोष्ट.

सोळाव्या वर्षी घर सोडलं. इंग्लंडमधला खालच्या डिव्हिजनचा क्लब, लेफ्ट बॅक. चिखल, बसप्रवास, परत चिखल.

आणि मग एकदाच देशाकडून बोलावणं.

दाट धुकं होतं. सेकंड हाफमध्ये काकांना उतरवलं. शेवटी शेवटी बॉल गोलकीपरला चकवून आत चालला होता, तो काकांनी गुडघ्यानं लाइनवरून बाहेर काढला.

आयर्लंड हरता हरता वाचलं. पण कुणाला दिसलंच नाही. पेपरात कीपरचं कौतुक.

घरी फोन केला तर खुद्द वडील म्हणाले, "रेडिओवर तर कीपरनं वाचवला म्हणत होते."

पुढे क्लबकडून खेळताना तोच गुडघा गेला. परत बोलावणं आलं नाही. कोच म्हणून ओमानला आले आणि इथलेच झाले.

"कप वगैरे काही नको गं," म्हणायचे. "'मी पाहिलं' म्हणणारं एक माणूस हवं होतं."

काही वर्षांपूर्वी आम्ही त्यांना खरीफला, म्हणजे ओमानच्या दक्षिणेकडच्या पावसाळ्यात, सलालाहला नेलं. डोंगर हिरवेगार, बारीक भुरभुर, आणि धुकं असं की आमची गाडीच दिसेना.

काका गाडीतून उतरले आणि चार पावलं धुक्यात गेले. मग म्हणाले, "असंच होतं. अगदी असंच."

हेमंतनं, माझ्या नवऱ्यानं, डिकीतून बॉल काढला. चपला ठेवून गोलपोस्ट केला.

"दया दाखवायची नाही," काकांनी दम दिला.

हेमंत मागे मागे जात धुक्यात नाहीसा झाला. मी चपलांपाशी चहाचा थर्मास घेऊन उभी.

सगळं शांत. मग धुक्यातून बॉल आला, चांगला जोरात. सत्तरीतले काका सरकले आणि त्याच दुखऱ्या गुडघ्यानं बॉल बाहेर.

"काका, मी पाहिलं," मी म्हणाले. "लाइनवरून काढलात."

त्यांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "खलास. आता खरा रिटायर झालो."

आपल्याकडे सत्कार म्हणजे शाल-श्रीफळ. शाल कुठली तिथे? माझी ओढणी घातली, आणि रस्त्याकडेच्या स्टॉलवरून नारळ आणला.

काकांना वाटलं ती ट्रॉफी. फोडायचा असतो हे मी नंतर चारदा सांगितलं, पण त्यांनी ऐकलं नाही.

आज त्यांची बहीण आयर्लंडहून आली. आवराआवर करताना शेल्फवर त्या मॅचची इंटरनॅशनल कॅप, देशाकडून खेळणाऱ्याला देतात ती टोपी, दिसली, आणि शेजारी तो नारळ. आतलं पाणी कधीच आटलंय. हलवला की गोटा वाजतो.

तिनं तो हातात घेतला. "हा कुठल्या मॅचचा?"

मला रडू आवरेना. म्हटलं, "सलालाहची मॅच. मी होते तिथे."

सावकाश जा, काका. मी पाहिलंय.